हिवरखेडची उषा आणि न टाकलेली फुली

आमच्या वलगावच्या शाळेतल्या गाईड पथकाला यंदा पन्नास वर्षं झाली. साजरं कसं करायचं यावर जुन्या मुलींची, म्हणजे आता आज्या झालेल्यांची, बैठक बसली. एकीला केक हवा होता, एकीला सारख्या साड्या, एकीला शाळेभोवती झाडं. ऐंशीच्या घरातल्या आमच्या गाईडच्या बाई म्हणाल्या, "जी मुलगी तुमच्यातून सुटली, तिला जाऊन घेऊन या. तोच सोहळा." कोणी काही बोलायच्या आत मी उषाचं नाव घेतलं. सगळ्यांनी कौतुक केलं, पण ते घ्यायचा मला हक्क नव्हता.

कारण सांगून टाकते. आठवीत चिखलदऱ्याला आमचं शिबिर होतं. खुणांवरून माग काढायचा खेळ होता. पुढची टोळी वाटेत दगडांचे बाण मांडते, चुकीच्या वाटेवर काड्यांची फुली टाकते आणि मागची टोळी त्यावरून येते. एका फाट्यावर फुली टाकायचं काम माझं होतं. मी कंटाळा केला. मागची टोळी दरीकडे भरकटली, दिवेलागणीला रडत परतली. त्या टोळीत सगळ्यांत पुढे उषा होती. ती म्हणाली, फुली नव्हती. मी म्हणाले, मी टाकली होती. बाईंनी माझं ऐकलं. दुसऱ्या दिवशी दीक्षाविधीत आम्हा सगळ्यांच्या गळ्यात स्कार्फ पडले, उषाला खोटारडी म्हणून बाजूला उभं केलं. गावात बोभाटा झाला आणि तिच्या वडिलांनी तिची शाळाच सोडवली.

उषा आता हिवरखेडला असते. तिकडे जाणार असाल तर अमरावतीहून सकाळची परतवाड्याची एसटी धरा. आपल्या बायकांना तिकीट निम्मंच पडतं. परतवाड्याला आलुबोंडा खाऊन घ्या, पुढे अंजनगाव, अकोट करत हिवरखेडला पोचेपर्यंत जेवणाची वेळ टळते. दोन्हीकडे कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या, वर मळकं आभाळ, उजवीकडे धुरकट सातपुडा. एरवी मी खिडकीतून फोटो काढत सुटते, या वेळी मोबाइल पर्समध्येच राहिला.

उषा अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. नाव सांगितल्यावर तिनं ओळखलं.

"ये, बस. काहून आली एवढ्या लांबून?"

मी पत्रिका दिली. तिनं ती लांब धरून वाचली.

"माजी गाईड लिवलं आहे. मी कुठी गाईड झाली? मले तं स्कार्फच नाही भेटला."

मग मी सांगितलं. फुली टाकली नव्हती, खोटं मी बोलले होते. तिचा हात थांबला नाही. एक जुडी बांधून झाली, दुसरी झाली.

"तवाच सांगतलं असतं तं मी शिकली असती," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं.

"माफ कर गं."

"मले सांगून काय होते? मी खोटी नोयती, हे मले मालूमच आहे. ज्यायले मालूम नाही, त्यायले सांग. बाईले सांग. मंग येतो मी."

तिनं जेवू घातलं. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. ताटातलं सगळं संपवलं. परतीला अकोल्यावरून आले. रस्ता कसा होता ते विचारू नका, माझं लक्षच नव्हतं.

पुढच्या रविवारी शाळेत सोहळा झाला. बाई पहिल्या रांगेत होत्या. माइक हातात आला आणि मी करपलेल्या खिचडीचा किस्सा सांगितला. लोक पोट धरून हसले. खाली उतरल्यावर बाईंनी डावा हात पुढे केला. गाईडचं हस्तांदोलन डाव्या हातानं असतं.

"उषा आली नाही ना? मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "तोंड दाखवायला लाज वाटत असेल तिला."

त्यांचा हात माझ्या हातात होता. मी मान हलवली. नाही म्हणून नाही, हो म्हणून.

घरी आल्यापासून मला माझीच किळस येते आहे. म्हणून आज सगळं, एक शब्द न गाळता, इथं लिहिलं. बाई मोबाइलवर काही वाचत नाहीत. मला ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच हे लिहायला जमलं.