एका गाईसाठी बाटली

हिरा ओव्हाळ खराडीला गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून आली, तेव्हा गल्लोगल्ली गोठे होते. पुढे शेतांवर कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठल्या, गुरं विकली गेली आणि लाळ-खुरकुताची लस टोचायची फेरी दुपारीच आटपू लागली. वडील वारल्यापासून ती येरवड्याच्या खोलीत एकटीच राहायची. दिवसभरात बोलणं व्हायचं ते बहुतेक गुरांशीच.

फेरीतलं शेवटचं घर सरुबाईंचं. त्यांचा मुलगा रविराज जवळच्या टॉवरमध्ये राहायला गेला होता. सरुबाई मात्र एका गाईपायी जुन्या घरात राहिल्या होत्या. टोचून झालं की त्या चहा ठेवायच्या आणि हिराला लवकर उठू द्यायच्या नाहीत.

लसीच्या एका बाटलीत बऱ्याच जनावरांचे डोस असतात. बाटली एकदा फोडली की गार आहे तोवर, त्याच दिवशी संपवावी लागते. म्हणून हिरा आधी बाकीचे गोठे उरकून उरलेली बाटली बर्फाच्या पेटीतून सरुबाईंकडे आणायची.

त्या मार्चमध्ये रस्ता खोदला होता. तिची स्कूटी भर उन्हात गाड्यांच्या रांगेत अडकली. सरुबाईंच्या अंगणात तिने पेटी उघडली, तर बर्फाचं पाणी झालेलं. बाटली हाताला कोमट लागली.

"आज टोचता येणार नाही, मावशी."

"जराशी कोमट झाली तर काय हुतंय? टोच की. हितं कोण बघतंय?"

"टोचली तरी उपयोग नाही. आणि आपण समजून बसू, गाय सुरक्षित आहे."

"मग उद्या ये."

"आता आसपास दुसरं जनावर उरलं नाही. एकीसाठी नवी बाटली फोडायची म्हणजे बाकीची फेकावी लागते. डॉक्टरसाहेबांना विचारते."

सरुबाई गाईकडे वळल्या. त्या दिवशी चहाही राहिला.

डॉक्टरांनी परवानगी दिली. "या खेपेला फोडा," ते म्हणाले, "पण दरवेळी नाही जमायचं."

सकाळी हिरा ताजा बर्फ भरून पोचली. नवी सुई लावून तिने गाईच्या मानेत लस टोचली. गाईचं दावं धरून उभ्या असलेल्या सरुबाई म्हणाल्या, "फुलगावला भाचा हाय माझा. गोठा भरलेला हाय त्याचा. तिकडं धाडते हिला. हितं येकट्या जीवासाठी कोण बाटल्या फोडणार?"

'नका धाडू' हे हिराच्या ओठावर आलं होतं. ती म्हणाली, "तीन आठवडे थांबा. लस अंगी लागायला वेळ लागतो. मग न्या."

टोचल्या जागी गाठ आली का, हे बघायला ती मध्ये दोनदा येऊन गेली. गाठ आली नव्हती. तरी ती बराच वेळ बसली.

गाय फुलगावला गेली आणि सरुबाई मुलाकडे राहायला गेल्या. दिवाळीनंतर हिरा एकदा त्या टॉवरमध्ये गेली. वॉचमनने कुणाकडे, कशासाठी, असं विचारलं. "ओळखीच्या आहेत," ती म्हणाली.

दार सरुबाईंनीच उघडलं. "कुणाचं जनावर आजारी हाय का गं?"

"नाही. सहज आले."

दोघी सोफ्यावर बसल्या. गाय बरी आहे, असं भाच्याने फोनवर कळवलं होतं. एवढं सांगून झाल्यावर बोलायला काही सुचेना. सुनेने कपातून चहा आणला. हिराने तो गरमच संपवला.

"येत जा," सरुबाई दारात म्हणाल्या.

"येईन," हिरा म्हणाली. पण बर्फाची पेटी न घेता, रिकाम्या हाताने तिथे जाणं तिला पुढे जमलं नाही.