खासदारसाहेबांचा उजवा बूट

जुने सहकारी भेटले की आधी तब्येतीची चौकशी होते, मग कोण गेलं, कोण राहिलं. तिसऱ्या चहाला किस्से निघतात आणि एकाची शेपटी धरून दुसरा बाहेर येतो. आमच्या कारखान्याचे किस्से तर असे आहेत, की मी स्वतः तिथे हजर होतो आणि मला ते अजून नीट कळलेले नाहीत.

काळ एकोणीसशे पन्नासनंतरचा. पिंपरीला तेव्हा कारखाने मोजके आणि ज्वारीची रानं अमाप. मी स्टोअरमध्ये कारकून. हेडक्लार्क देशपांडे रोज दुपारच्या सुट्टीत आम्हाला पेपर वाचून दाखवायचे, अर्थासकट. आणि फिटरचं काम शिकणारा बाळूअण्णा, चाकणकडचा शेतकरी गडी, त्या अर्थाचा रोज अनर्थ करायचा.

*

आमची मोठी मशिनरी परदेशातून मदत म्हणून आली. खोक्यांवर त्यांचा झेंडा. ती बसवायला आणि आम्हाला शिकवायला त्यांचाच एक इंजिनिअर आला, हॅन्सन साहेब.

खोकी उतरवताना बाळूअण्णाने विचारलं, "देशपांडेसाहेब, ह्यो आहेर कुणाकडनं?"

"आहेर नाही, मदत आहे."

"म्हंजी उसनं?"

"नाही. परत द्यायचं नाही."

"मग सोयरीक झालीय का त्यांची आपली?"

देशपांड्यांनी परराष्ट्र धोरण समजावलं. अर्धा तास. बाळूअण्णा मान डोलवत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी हॅन्सनच्या दारात कांद्याची भरलेली पाटी. "धोरण असंल त्यांचं," बाळूअण्णा म्हणाला, "पर आपण रिकाम्या हातानं कसं ऱ्हायचं?"

त्या दिवसापासून तो हॅन्सनला साहेब म्हणेना. पाहुणे म्हणायचा.

*

या पाहुण्यावर बाळूअण्णाचं सगळंच अडलेलं होतं. मशीनचे काही भाग अजून यायचे होते आणि शिकाऊ लोकांना मशीन चालू झाल्यावरच कायम करणार होते. आणि अण्णाच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. मशीन चाललं तर कर नोकरी, नाहीतर गुमान कांदे काढायला ये. अण्णाला मशीनचं वेड होतं. उभं मशीनसुद्धा तो जाता-येता पुसायचा. त्याला ते सोडून जावं लागलं असतं तर मला फार वाईट वाटलं असतं, हे आत्ताच सांगून टाकतो.

*

गावच्या जत्रेला अण्णाने हॅन्सनला घरी नेलं. आम्हीही गेलो. दुपारी जेवून हॅन्सन निघाला, तर उंबऱ्याबाहेर बूट नाहीत! बिचारा मोज्यांवर अंगणभर हिंडला. कुत्र्याकडे संशयाने पाहू लागला.

देशपांड्यांनी त्याला इंग्रजीत सांगितलं, की इथे पाहुणा निघतो म्हणाला की त्याची पायताणं लपवतात. राहा म्हणायची पद्धत आहे.

"किती वेळ?" हॅन्सनने विचारलं.

अण्णा म्हणाला, "पाहुणं राजी हुईस्तोवर."

रात्रीचं जेवण झाल्यावर बूट धान्याच्या कणगीमागून निघाले. पुढे हॅन्सन तरबेज झाला. कुणाच्याही घरी गेला की बूट काढायचा आणि मांडीशी घेऊन बसायचा.

*

एकदा देशपांड्यांनी दिल्लीची बातमी वाचली. परराष्ट्र खात्याच्या खर्चाची मागणी लोकसभेत आली आणि विरोधी पक्षाच्या सभासदाने सूचना मांडली, की मागणीत शंभर रुपयांची कपात करावी.

"शंभरच?" मी विचारलं.

"तशी रीत आहे. निषेध म्हणून कापतात."

"आन् मग कापलं?" अण्णाने विचारलं.

"नाही. दिवसभर चर्चा झाली आणि सूचना फेटाळली."

अण्णाने भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "आमच्यात बांधावरनं भांडत्यात. पर बांध तरी दिसतो, राव."

*

आणि मग ती बातमी आली. हॅन्सनच्या देशातही असंच मतदान होणार होतं. त्यांच्या वकिलातींचा खर्च आणि दुसऱ्या देशांना द्यायची मदत, सगळं एकाच मागणीत. ती नामंजूर झाली तर हॅन्सन परत जाणार आणि मशीनचे उरलेले भाग येणारच नाहीत.

"म्हंजी ती माणसं तिकडं हात वर करणार," अण्णा म्हणाला, "तवा हितं माझं मशीन फिरणार?"

"असंच काहीसं," देशपांडे म्हणाले. मला वाटतं, त्यांनाही तेव्हा ते पहिल्यांदाच विचित्र वाटलं असावं.

समजावं म्हणून त्यांनी कँटीनमध्ये मतदान घेतलं. "समजा तुम्हीच तिथले सभासद आहात. गरीब देशाला मदत द्यावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर नाही. बाळूअण्णाचासुद्धा नाही!

देशपांडे संतापले. "अरे, तुमचीच मदत आहे ती!"

तेव्हा उलगडा झाला. अण्णाच्या गावात सभेत ज्याने हात वर केला, त्यानेच धान्याचं पहिलं पोतं आणून टाकायचं, अशी रीत. आजूबाजूच्या गावांतही तीच. देशपांड्यांनी सांगितलं, की तिथे हात वर करणारा स्वतःच्या घरचं काही देत नाही.

मग सगळ्यांनी दोन्ही हात वर केले.

*

मतदानाच्या आठवडाभर आधी त्या देशाचे एक खासदार हिंदुस्थानात आले. आपला पैसा कुठे जातो ते बघायला. आमच्याकडेही आले. उंच, तांबूस, सारखे घड्याळ बघणारे गृहस्थ. मशीन उभं आहे आणि चालत नाही, एवढंच त्यांनी पाहिलं. भाग यायचे आहेत म्हणून ते चालत नाही, हे हॅन्सन जीव तोडून सांगत होता. खासदारसाहेब त्याला म्हणाले, "मी विरोधात मत देणार. आमच्याकडे एकेका मताची मारामार आहे." देशपांड्यांनी हे आम्हाला हळूच मराठीत सांगितलं. बाळूअण्णा शेजारीच मशीन पुसत होता.

जाता जाता खासदारांना एका कामगाराचं घर बघायचं होतं. अण्णा पुढे झाला. "आमच्याकडं चला की."

जीपमधून गेलो. खासदारांनी उंबऱ्याबाहेर बूट काढले. पिठलं, भाकरी, ठेचा. ठेच्याने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तरी माणूस मागे हटला नाही, हे कबूल केलं पाहिजे. जेवून घड्याळ बघत उठले. चिंचवडहून मुंबईची गाडी, मुंबईहून विमान. पुढचं विमान आठवड्याने, म्हणजे मतदान उरकल्यावर.

बाहेर एकच बूट. डावा.

आम्ही शोधलं. कणगीमागे बघितलं, गोठा बघितला, चुलीमागे बघितलं. आबांनी तर बैल हलवून बघितला. खासदारसाहेब एका बुटात अंगणात उभे. देशपांडे घामाघूम होऊन त्यांना ती राहा म्हणायची पद्धत समजावत होते आणि ते पुन्हा पुन्हा विचारत होते, "पण मला राहायचं नाही, हे यांना कोण सांगणार?"

अण्णा हात जोडून म्हणत होता, "चहा तरी घ्या, पाहुणं."

मी हॅन्सनकडे पाहिलं. तो ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. स्वतःचे बूट मांडीशी. खासदारांना त्याने हे आधी का सांगितलं नव्हतं, ते मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

बूट सापडला तेव्हा गाडी लोणावळ्याच्या पुढे गेली असेल.

तिकडची मागणी मंजूर झाली. अगदी काठावर. तार आली तशी हॅन्सनने कँटीनमध्ये सगळ्यांना जिलेबी वाटली. भाग आले. दिवाळीच्या आधी मशीन फिरलं. आबा स्वतः बघायला आले, यंत्राला हळदकुंकू वाहिलं आणि कांद्याचा विषय पुन्हा काढला नाही.

त्या दिवशी देशपांड्यांनी बाळूअण्णाला बाजूला घेतलं. मी जवळच होतो. "अण्णा, खरं सांग. तो बूट..."

अण्णाने हातातल्या फडक्याने मशीनचा एक कोपरा पुसला.

"देशपांडेसाहेब," तो म्हणाला, "ते लोक दर वर्साला हात वर करत्यात का वो?"

"हो. दरवर्षी."

"मग येत्या वर्सी जरा आधी सांगा. आमच्या घरला बोलवू त्यास्नी."