आतली शिवण

आमच्या गल्लीतल्या बुटीकमध्ये नवख्या कारागिरांच्या वस्तू विकायला ठेवतात. दुकानाच्या ताईंचा नियम एकच आहे: गिऱ्हाईक वस्तू बघत असताना ती करणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही.

काल मी तिथे असताना, वैशाली नावाच्या मुलीने शिवलेली पहिलीच पिशवी एका बाईंनी उचलली आणि उलटी करून आतली शिवण तपासायला घेतली. वैशाली शेजारीच त्यांचा चेहरा बघत उभी होती. मला माझा पदवीचा निकाल आठवला. मी फलकावर नंबर शोधत होतो आणि वाचता न येणारे वडील माझा चेहरा बघत होते.

"आतूनही नेटकी आहे हो! कुणी शिवलीय?"

वैशालीने ताईंकडे पाहिलं.

"आता बोल की गं!" ताई हसल्या.

"मी," ती म्हणाली.

"पास झालो," हे मीही वडिलांना असंच, जेमतेम ऐकू जाईल इतकं हळू सांगितलं होतं.