पंधरा आधी, तीस नंतर

मूर्तिजापूर स्टेशनवर गाडी यायला सात मिनिटं होती आणि बाबांचा पत्ता नव्हता. आई दर मिनिटाला पुलाकडे पाहत होती. प्रशांत, म्हणजे माझा नवरा, बॅगा मोजून राहिला होता. चार होत्या, त्या काही पाच होणार नव्हत्या, तरी मोजत होता. सिग्नल पडला तेव्हा बाबा दिसले. धोतर वर खोचलेलं, बोटं कुंकवानं लाल, हातात अर्धा नारळ. हायवेवरच्या मारुतीजवळ कोणाच्या तरी नव्या ट्रकची पूजा होती, ती उरकून तसेच आले होते. "मुहूर्त त्याचा, गाडी तुझी. मी काय करू?" असं म्हणून त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. मी म्हटलं, बाबा, हा नारळ घेऊन मी विमानात कुठं बसू? "मग मुंबईपर्यंत खा." गाडी हलली तेव्हा आई हात हलवत होती. बाबांचे फक्त ओठ हलत होते. काय म्हणत होते ते मला ऐकू आलं नाही.

त्या दिवशी ज्यांनी मला निरोप दिला त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे जे बॅगा उचलून निघाले त्यांच्यासाठीही, हे लिहिते आहे. वैशाली तिकडे इंग्लंडात काय करते, असं आईला बायका विचारतात. बरेच दिवस आई "कंपनीत आहे" एवढंच सांगायची. आता सरळ सांगते की लॉरी चालवते. अठरा टनांची. आईच्या तोंडून हे निघेपर्यंत घरात बरंच काही झालं, ते सांगायचं आहे.

बाबा भिक्षुकी करतात. लग्न, मुंज, सत्यनारायण सगळं असतं, पण आमचं गाव हायवेवर, त्यामुळे वर्दळ ट्रकांची. अकोल्याहून, अमरावतीहून कोणी नवी गाडी घेतली की मारुतीजवळ थांबवतात आणि बाबांना बोलावणं येतं. बाबा पूजेला बसले की बोलणं एकदम शुद्ध, उठले की वऱ्हाडी. "आचमन करावं" म्हणणारे बाबा दोन मिनिटांनी त्याच ड्रायव्हरला विचारत, "कावून रे, एकाच चाकाखाली लिंबू ठेवलं तू?"

दादाला, माझ्या मोठ्या भावाला, ते रोज सकाळी बाहेरच्या खोलीत संथा द्यायचे. संथा म्हणजे बाबा एकदा म्हणणार, दादानं दोनदा म्हणायचं. चुकलं की पहिल्यापासून. मी आत आईजवळ शेंगा सोलत ऐकायची. दादाला खेळायला जायची घाई, त्यामुळे तो रोज एकाच ठिकाणी अडकायचा. एकदा मला राहवलं नाही आणि मी दारातून पुढचा शब्द सांगून टाकला. बरोबर होता. दादा हसला, बाबा हसले नाहीत. "तू आत जा," म्हणाले. रागावलेही नव्हते, पाणी दे म्हणावं तसं म्हणाले. मी दहा वर्षांची होते. तो राग मी पुढे कितीतरी वर्षं सांभाळून ठेवला, खोटं कशाला बोलू. दादा आज नागपुरात बँकेत आहे आणि त्यातलं एक अक्षर त्याला आठवत नाही.

लग्न होऊन मी अकोल्यात आले. प्रशांत इस्पितळात नर्स होता आणि मी शाळेची व्हॅन चालवायची. जठारपेठेतली मुलं सकाळी न्यायची, दुपारी आणायची. बाबांना ते आवडायचं नाही, पण बोलायचे नाहीत. फोन ठेवताना एवढंच म्हणायचे, "पोरं मोजून घेत जा." मग प्रशांतला इंग्लंडमध्ये नोकरी लागली. मला तिथं पार्सलच्या गोदामात काम मिळालं. बेल्टवरून येणारी पार्सलं पत्त्याप्रमाणे वेगळी करायची. व्हॅनमध्ये बसून गावभर फिरणारी मी आठ-आठ तास एका जागी उभी राहायला लागले. पाय दुखायचे, पण त्याहून जास्त कंटाळा यायचा.

दोन वर्षांनी सुपरवायझरबाईंनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की आता हे काम मशीन करणार. ज्यांना लॉरी शिकायची आहे त्यांना कंपनी शिकवील. जागा दोनच. ट्रेनिंग सुरू होण्याच्या आत थिअरीच्या सगळ्या परीक्षा पास झालेल्या हव्यात, नाहीतर जागा दुसऱ्याला. मी त्याच दिवशी नाव दिलं. घरी बसणं मला जमत नाही, आणि गाडीच्या स्टिअरिंगवर हात ठेवून मला दोन वर्षं झाली होती. ती जागा मला हवीच होती. इतकी हवीशी गोष्ट मी त्याआधी कधी मागितली असेल असं वाटत नाही.

थिअरीचे तीन भाग. एकात कॉम्प्युटरवर प्रश्न. दुसऱ्यात रस्त्याचे व्हिडिओ, धोका दिसला की क्लिक करायचं. तिसऱ्यात एखाद्या ड्रायव्हरच्या दिवसाची हकीकत देतात आणि त्यावर प्रश्न विचारतात. व्हिडिओचं मला काही वाटलं नाही. पण घरी सराव करताना मी उभ्या गाडीवर क्लिक केलं, कुत्र्यावर केलं, कडेला उभ्या आजोबांवर केलं. कॉम्प्युटर म्हणाला, तुम्ही फारच क्लिक केलं, शून्य गुण. अकोल्यात ज्यानं व्हॅन चालवली त्याला सगळ्याच गोष्टी धोका वाटतात, त्याला काय करणार? हळूहळू हात आवरायला शिकले.

घोडं अडलं ते नियमांच्या पुस्तकापाशी. सलग साडेचार तासांच्या वर चालवायचं नाही. मग पंचेचाळीस मिनिटं विश्रांती. ती दोनदा मिळून घ्यायची तर पंधरा आणि तीस. दिवसाला नऊ तास, आठवड्याला छप्पन्न, दोन आठवडे मिळून नव्वद. शिवाय उंची, वजन, अंतरं. सगळं इंग्रजीत. संध्याकाळी वाचलं की सकाळी साफ. एका रविवारी घरी फोन केला तेव्हा आईशी बोलता बोलता मला रडू आलं. आईनं फोन बाबांकडे दिला. मी लॉरी शिकणार हे त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं आता चिडतील. पण ते म्हणाले, "तू डोळ्यानं वाचून राहिली. कानाले काही भेटूनच नाही राहिलं. असं पाठ होत असते का? मराठीत लिहून पाठव. उद्यापासून अंघोळ करून बस."

मी म्हटलं, बाबा, ट्रकचे नियम आहेत, त्याला अंघोळ कशाला?

"संथा आहे," बाबा म्हणाले.

छत्तीस वर्षांची बाई मी, फोन ठेवला आणि पुस्तकाचं पहिलं पान मराठीत लिहायला बसले.

रोज सकाळी सात वाजता मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची. तिकडे साडेअकरा, बाबांच्या पूजा आटोपलेल्या. ते बाहेरच्या खोलीत पाटावर बसायचे आणि फोन चौरंगावर तांब्याला टेकवून ठेवायचे. "साडेचार, पंचेचाळीस." मी दोनदा म्हणायची. "पंधरा, तीस." दोनदा. पक्कं झालं की बाबा उलट-सुलट म्हणायला लावायचे. आधी सुलट, मग उलट, परत सुलट. पंधरा तीस, तीस पंधरा, पंधरा तीस. मंत्रातला शब्द असाच पक्का करतात, मग तो कुठूनही विचारला तरी हलत नाही. रात्रपाळी करून आलेला प्रशांत पोहे खात ऐकायचा आणि म्हणायचा, "आता लॉरीलाच जानवं घालायचं बाकी आहे." मी त्याला गप्प बसवायची. खरं सांगायचं तर ती सकाळची अर्धी घटका दिवसभर माझ्या अंगात असायची. बेल्टपाशी उभी असले तरी ओठ हलायचे.

पहिले दोन भाग मी एका दमात पास झाले. बाबांनी मारुतीला नारळ फोडला आणि कशाचा ते पुजाऱ्यालाही सांगितलं नाही. राहिला तिसरा.

तिसऱ्यात एक ड्रायव्हर होता. तो दोन तास गाडी चालवतो, तीस मिनिटं थांबतो. परत दोन तास चालवतो, पंधरा मिनिटं थांबतो आणि पुढे निघतो. त्याची विश्रांती नियमात बसली का? माझी जीभ आतल्या आत म्हणाली, तीस पंधरा. कितीदा म्हटलेलं. मी 'बसली' वर क्लिक केलं आणि त्यावरचे पुढचे सगळे प्रश्न त्याच हिशेबानं सोडवले. नियम असा आहे की आधी पंधरा, नंतर तीस. उलटं चालत नाही. थोडक्यात नापास झाले.

घरी येऊन पुस्तक काढलं तेव्हा कळलं. ट्रेनिंगला तीन आठवडे होते आणि पुन्हा बसायला तारीख मिळाली ती ट्रेनिंगच्या आदल्या आठवड्यातली. म्हणजे एकच संधी. बाबांना सांगायला मला दोन दिवस लागले. सांगताना मी बरीच सारवासारव केली, माझंच लक्ष नव्हतं वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"उलटं म्हणायले मीच लावलं," ते म्हणाले. "चूक माझी आहे, वैशू."

माझ्या जन्मात मी बाबांच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं. दादाच्या बाबतीत नाही, आईच्या बाबतीत तर नाहीच. मला वाईट वाटलं, आणि आतून थोडं बरंही वाटलं. दोन्ही खरं.

दोन-तीन दिवसांनी मी गोदामात चहाच्या सुट्टीत असताना त्यांचा फोन आला. असे अवेळी ते कधी करत नाहीत, म्हणून मी घाबरून उचलला. बाबा हायवेवरच्या ढाब्यावर होते. मागून भांड्यांचा आवाज येत होता. मोर्शीकडून संत्र्याची गाडी घेऊन निघालेल्या एका ड्रायव्हरजवळ ते बसले होते आणि त्यांनी त्याला विचारलं होतं की तीस मिनिटं नंतरच कावून? तो काय म्हणाला ते बाबांनी मला त्याच्याच भाषेत सांगितलं. "तो म्हणते, महाराज, सुरुवातीले माणूस ताजा असते. थकवा मागून येते. म्हणून मोठा आराम मागून पाहिजे. आधी झोपून घेतलं अन् मागून चहापुरतंच थांबलं, तर शेवटच्या तासाले डोळा लागतेच."

मग त्यांचा आवाज खाली आला. "चाळीस वर्षं ट्रक पुजले मी. नारळ फोडले, लिंबं ठेवली. पण एकाही ड्रायव्हरले विचारलं नाही का बाबू, तू झोपतो केव्हा."

त्यानंतरची संथा वेगळी झाली. बाबा नियम म्हणायचे, मी दोनदा म्हणायची, आणि मग ते विचारायचे, "कावून?" सांगता आलं नाही की पुढे जायचं नाही. मला येत नसेल आणि त्यांनाही येत नसेल तर ते संध्याकाळी ढाब्यावर जाऊन विचारून यायचे. ओल्या रस्त्यावर अंतर दुप्पट कावून ठेवायचं? पुलाची उंची निघायच्या आधीच कावून पाहायची? आई म्हणायची, हे आजकाल मारुतीपेक्षा ढाब्यावरच जास्त असतात.

दुसऱ्यांदा परीक्षेला बसले तेव्हा हकीकत वेगळी होती, पण प्रत्येक प्रश्नापाशी मला तो संत्र्याच्या गाडीवाला दिसत होता, ज्याला मी कधी पाहिलं नाही. पास झाले. बाहेर येऊन तिथल्या पायरीवरूनच फोन लावला. बाबा म्हणाले, "संथा झाली." आणि फोन आईकडे दिला.

आता दुसरं वर्ष आहे. रोज निघायच्या आधी लॉरीभोवती पूर्ण फेरी मारून तपासणी करावी लागते. टायर, चाकांचे नट, दिवे, आरसे, खाली कुठं तेल गळतं का. बाबांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "प्रदक्षिणाच की." मी ते त्यांच्याच चालीत म्हणत फिरते. शेजारच्या लॉरीवाल्याला आता सवय झाली आहे.

मागच्या महिन्यात बाबांनी मला सकाळी सातलाच फोन केला. अंघोळ करून, पाटावर बसून. म्हणाले, पूजेला येणाऱ्या गाडीभोवती आता ते आधी फेरी मारणार आहेत, ड्रायव्हरला सोबत घेऊन, आणि मगच नारळ. "पण मले ते काही येत नाही. तू संथा दे."

मी म्हटलं, बाबा, मी?

"अन् कोण? तुलेच येते. चुकलो तर पुढं जाऊ नको."

मग मी म्हणाले, टायर, नट, दिवे. बाबांनी दोनदा म्हटलं. पुढचं दिलं. ते सत्तरीचे, तिसऱ्याच ओळीत गडबडले आणि दिवे आधी घेतले. मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अहो, आधी टायर."

बाबा थांबले. फोनमध्ये मला त्यांचा चेहरा अर्धाच दिसत होता. त्या खोलीत पुढे काय बोललं जातं ते मला पाठ होतं.

"तू बाहेर ये," बाबा म्हणाले. "इथं बस."

आई पदराला हात पुसत आली. पाट एकच होता. बाबा सरकले आणि ती त्यांच्या शेजारी बसली. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, पण संथेच्या वेळी त्या खोलीत मी तिला कधी बसलेली पाहिली नव्हती. घर कुठं आहे असं मला इथं कोणी विचारलं की पूर्वी मी गावाचं नाव सांगायची. आता मला तो पाट आठवतो, ज्यावर ते दोघं दाटीवाटीनं बसतात आणि मी समोर असते.

"म्हण," बाबा म्हणाले, आणि मी पहिल्यापासून सुरुवात केली.