बाबांनी सोडलेली दारू

संपात गिरणगावातले सगळेच पुरुष वाळले, त्यामुळे माझे बाबा वाळले तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. पुढे गिरणीने त्यांना परत घेतलं नाही आणि ते रे रोडला एका लाकडाच्या वखारीत वॉचमन म्हणून लागले. पण नोकरी मिळूनही अंग भरेना. चेहरा ओढलेला, तोंड कायम कोरडं, बोलणं तुसडं. साठीला टेकलेला माणूस, मनाला लावून घेतलंय, असं आम्ही धरून चाललो.

मग ते जिन्यात अडखळायला लागले. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत जिन्यात अडखळण्याचा एकच अर्थ होता. संपानंतर घरोघरी तेच चाललं होतं. पायातली चप्पल मागे राहिली तरी बाबांना पत्ता नसायचा. संडासाकडे सारख्या खेपा, आणि घरात आले की तांब्याभर पाणी घटाघटा. शेजारीण आईला म्हणाली, "उतरली की अशीच तहान लागते गो." आईने त्यांच्या तोंडाचा वास घेऊन बघितला. वास नव्हता. तर मी, घरातली शिकलेली, दादरला ऑफिसात जाणारी, म्हणाले की वेलची चघळून येत असतील.

माझं लग्न ठरत होतं. माहीमची मंडळी बघायला यायची होती आणि मुलीचा बाप झोकांड्या खातो, हे त्यांच्या कानावर जायला नको होतं. मी बाबांना तोंडावर विचारलं. "घेत नाय गो मी," ते म्हणाले. "पायाखालची जमीनच कळत नाय." मला हसू आलं. असली उत्तरं मी चाळीत पुष्कळ ऐकली होती.

आमच्याकडे तेव्हा रीतच पडली होती. पिणाऱ्याला गुरुवारी दत्तासमोर उभं करायचं, हातात नारळ द्यायचा आणि आजपासून सोडली असं वदवून घ्यायचं. आईला धीर होईना, म्हणून मी घेऊन गेले. देवळाच्या पायरीवर बाबा थांबले. "यानं तुझं समाधान होईल?" मी हो म्हटलं. आयुष्यात थेंब न घेतलेल्या माणसाने चार लोकांसमोर दारू सोडली. वर मी कौतुकाने त्यांना पेढे भरवले, एक नाही, दोन.

अडखळणं थांबलं नाही. म्हणजे आता ते देवाची शपथही मोडणारे झाले. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. माहीमची मंडळी आली त्या दिवशी त्यांना वखारीतच थांबायला सांगितलं आणि ते थांबले. लग्न जमलं.

काही दिवसांनी आईला लादीवर रक्ताचे डाग दिसले. चपलेतून खिळा वर आला होता आणि बाबा दिवसभर त्याच्यावर चालले होते. जखम काळी पडायला लागली तेव्हा मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. तहान, लघवी, उतरलेलं वजन, सगळं विचारत गेली, रक्त तपासून घेतलं. "आजोबा, तुम्हाला डायबेटिस आहे. बरीच वर्षं असणार. पायांना काही कळत नाही, म्हणून तोल जातो." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

ती पुढचं विचारायला लागली. तंबाखू? नाय. दारू?

बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांना मला खोटं पाडायचं नव्हतं.

"होती," ते म्हणाले. "पोरीनं सोडवली."

"छान केलंत," डॉक्टर मला म्हणाली.

हे कधीच पीत नव्हते, एवढंच सांगायचं होतं. पण मागे रांग होती, त्यात चाळीतल्या दोघी होत्या, आणि मला लाज वाटली. मी बाबांची पिशवी उचलली. ते माझ्या खांद्याचा आधार घेऊन ड्रेसिंगच्या खोलीकडे चालू लागले.