न बसलेली गाठ

आमची पोस्ट उत्तरेत, बर्फात होती. तिचं नाव आणि उंची मी लिहिणार नाही. पोस्टवर दोघेच वाशिम जिल्ह्याचे होतो. मी रिठदचा आणि शिपाई प्रल्हाद अनसिंगचा. बाकीचे आम्हाला 'गरम मुलुखवाले' म्हणायचे.

आता मी फौजेत नाही. पायाची बोटं बर्फाने गेली, मेडिकल बोर्ड झालं आणि मी घरी आलो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्गातल्या मुलांपेक्षा मोठा आहे, त्यामुळे मागे बसतो. मानसशास्त्राच्या तासाला मेंदू आणि हाताची हालचाल हा धडा सुरू झाला आणि मला प्रल्हादबद्दल लिहावंसं वाटलं. जमेल की नाही, ठाऊक नाही.

पोस्टवरचं काम ठरलेलं असे. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज उभं राहायचं, मग बंकरच्या तोंडावरचा बर्फ काढायचा, बुखारी, म्हणजे रॉकेलची शेगडी, पेटवायची, हत्यारं साफ करायची. ठरावीक दिवशी लिंक पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघे. खालच्या पोस्टचे जवान अर्ध्या वाटेवर रॉकेल आणि रेशन आणून देत, ते आम्ही वर आणायचं. वाटेत बर्फाखाली भेगा असतात, म्हणून सगळे एकाच दोराला बांधलेले. कमरेची गाठ ज्याने त्याने मारायची. ती ओढून 'ओके' म्हणायचं मात्र शेजारच्याने. स्वतःच्या गाठीला कोणी स्वतः ओके म्हणत नाही.

प्रल्हाद घरी बैलांचे कासरे वळायचा. दोराकडे न बघता, गप्पा मारता मारता गाठ मारायचा. त्याची गाठ मी तपासायचो ती फक्त नियम म्हणून.

बहिणीच्या लग्नाची सुट्टी संपवून तो नुकताच परतला होता. खालच्या कॅम्पवर हवेची सवय करून घेण्याचे दिवस पूर्ण करूनच वर आला होता. त्या सकाळी पेट्रोल निघायला तयार झालं आणि त्याची गाठ बसेना. बोटं फासाच्या पुढे जायची, दोर मागे राहायचा.

"आटप ना बे," मी म्हणालो.

"दोर कडक झाला."

"दोर नाई कडक झाला, तू लगनाहून नरम होऊन आला."

"असन. इतके लाडू खाल्ले, बोटाले अजून तूप हाय."

हवालदार साहेब मागे वळले. "क्या हो रहा है?"

"हाथ ठंडे हैं, उस्ताद," प्रल्हाद म्हणाला.

"अंदर जा. पहले हाथ गरम कर."

कोणालाही तेच वाटलं असतं. त्या उंचीवर हात चालला नाही की थंडीचंच नाव निघतं, आणि आम्ही तर गरम मुलुखवाले. हात गार पडले की ते जोडीदाराच्या काखेत धरायचे, अशी तिथली रीत. बंकरमध्ये मी त्याचे हातमोजे काढले आणि हात माझ्या जॅकेटखाली घेतले. ते माझ्या हातांपेक्षा गरम होते.

"प्रल्हाद, तुहे हात तं गरम हायेत."

"मंग काहून चालून नाई राह्यले?" त्याच्या आवाजात आता थट्टा नव्हती. "सकायपासून डोकं फुटून राह्यलं बे."

मी नर्सिंग असिस्टंटला हाक मारली. त्याने एकच हुकूम दिला. "नाक को उँगली लगा."

प्रल्हादचं बोट गालाला लागलं. दुसऱ्यांदा डोळ्याजवळ गेलं. नाक जवळ आलं की हात जास्तच थरथरायचा. उभं केलं तर तोल गेला.

"उस्ताद, ये ठंड नहीं है. ऊँचाई से दिमाग में सूजन आई है. इसको नीचे उतारना पड़ेगा, अभी."

हवालदार साहेबांनी रेडिओ घेतला. "हॅलो टायगर, ब्राव्हो बोल रहा है. एक कॅज्युअल्टी. चॉपर चाहिए. ओव्हर."

"ब्राव्हो, मौसम बंद है. चॉपर नहीं आएगा. हमारी पार्टी डॉक्टर लेकर निकल रही है. तुम भी निकलो. ओव्हर."

त्याला इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, स्लेजवर बांधलं. त्याच्या कमरेची गाठ मी मारली. वाटेत त्याने माझा हात धरायला हात उचलला. तो माझ्या हाताच्या पलीकडे गेला. मी तो मधेच पकडला.

"धरला का बे?"

"धरला."

त्यानंतर तो बोलला नाही. खालची पार्टी भेटली. डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांत टॉर्च टाकला आणि मग ऑक्सिजनचा मास्क काढून घेतला. माझ्या पायाची बोटं त्याच वाटेवर बर्फाने गेली. ते काही मोठं नाही.

सरांनी वर्गात सांगितलं, हात उचलण्याचा हुकूम मोठा मेंदू देतो. पण डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. हात कुठवर पोचला, किती उरलं, कुठे थांबायचं, हे तो क्षणोक्षणी दुरुस्त करतो. मला मॉर्टर, आमची उखळी तोफ, आठवली. मॉर्टरवरच्या जवानाला टार्गेट दिसत नाही. पुढे टार्गेट दिसेल तिथे बसलेला निरीक्षक, म्हणजे ओ.पी., रेडिओवर सांगतो, आगे, पीछे, दाएँ. ओ.पी.चा आवाज बंद झाला म्हणून मॉर्टर बिघडत नाही. गोळा सुटतोच, फक्त भलतीकडे पडतो. प्रल्हादची बोटं धड होती. त्यांना वाट सांगणारा आवाज सुजेखाली दबला होता. मी डॉक्टर नाही, पण मला एवढं समजलं.

तो तास झाल्यावर मी अनसिंगला प्रल्हादच्या घरी गेलो. काकांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, अंगणात खाट टाकली. बराच वेळ पिकाचं बोलले. मग म्हणाले, "एक इचारू काय? थंडीनं पयले हात आखडले म्हनते लोकं. ते आतले हातमोजे मी वाशिमच्या बजारातून घेऊन देल्ले होते. पातय होते काय?"

हा प्रश्न ते तेव्हापासून एकटेच बाळगून होते.

"नाई काका." मी त्यांना मोठा मेंदू, लहान मेंदू, मॉर्टर, सगळं सांगितलं. कितपत नीट सांगता आलं, कोण जाणे. "थंडी नवती ती. त्याचे हात गरम होते. मी सोता पाह्यले."

काका उठून दाराशी गेले. "आयकलं काय वो? हात गरम होते म्हनते पोराचे."

 काकू, प्रल्हादची आई, बाहेर आल्या. डोळे कोरडे होते.

"कोनाच्या हातात होता त्याचा हात?"

"माह्या, काकू."

त्या खाटेजवळ खाली बसल्या. माझा उजवा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि एकेक बोट चाचपत राहिल्या. मी हात काढून घेतला नाही.