वाकळेतली निळी लुंगी

सुमनला जाऊन वर्ष झालं, तरी तिचा फोन मी रोज चार्ज करतो. हौसेनं वाकळा शिवणाऱ्या बायकांचा तिचा ग्रुप त्यावर अजून चालू आहे. आज कळंब्याच्या एकीनं नव्या वाकळेचा फोटो टाकला. जुन्या साड्यांच्या ठिगळांत मधोमध निळ्या चौकटींचा एक तुकडा दिसला आणि मला माझी लुंगी आठवली.

पंधरा-वीस वर्षांमागची दुपार. गच्चीवर सुमन आणि शेजारच्या आक्का वाकळ पसरून टाके घालत होत्या. "त्यात काय अवघड हाय?" म्हणत मीही सुई घेऊन वाकळेवरच मांडी ठोकून बसलो. उन्हात तापलेल्या सुती साड्यांचा वास, शेजारी सुमनच्या बांगड्यांची किणकिण. तासाभरानं ऐटीत उठलो, तर माझ्याबरोबर वाकळही उठली!

"अवो, हलू नगासा!" सुमन ओरडली. मी स्वतःची लुंगीच शिवून टाकली होती.

"बरं झालं की सुमे," आक्का म्हणाल्या, "आता दाजी कुठं पळत न्हाईत."

सुमननं टाके उसवले नाहीत, सरळ लुंगीच कापली. "ऱ्हाऊ दे तुकडा. तुमच्या हातचं एवढंच काम टिकणार हाय." लाजेनं मी अर्धा झालो. लुंगीही तेवढीच उरली होती.

ती वाकळ अजून मीच अंथरतो. सकाळी त्या तुकड्यावरून हात फिरवतो आणि सावकाश उठतो. कुठंच काही अडकत नाही.